तेरावा चिंचोका

१

मंगळवारी दुपारी दोघं ओकले, तेव्हा आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. दवाखाना म्हटला की ओकणं आलंच. संध्याकाळपर्यंत सहा झाले. बुधवारी सकाळी सातला मी वॉर्डाचं दार ढकललं, तर बारा खाटांपैकी नऊ खाटांवरची माणसं पोट धरून खाली वाकली होती आणि वॉर्डबॉय वारलू राखेची टोपली घेऊन इकडून तिकडे धावत होता. पाच नंबरच्या खाटेवरचे म्हातारे दादाजी तर डोळे पांढरे करून निपचित पडले होते.

ही गोष्ट १९५५ च्या जानेवारीतली. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता, गडचिरोली ही नुसती तहसील होती, आणि वैनगंगेकाठच्या आमच्या गावात एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. मी तिथला कंपाउंडर, बापूजी निकुरे. वय तीस, मिशी टोकदार आणि स्वतःविषयीचं मत फार चांगलं.

त्याला कारणही होतं. जंगलाकडून येणारे लोक लाल मिक्श्चर बघून बिचकायचे. 'साहेबानं काय पाजलं कोन जाने' म्हणून खिडकीबाहेर थुंकून टाकायचे. मी त्यावर युक्ती काढली होती. मिक्श्चरची फेरी सुरू करताना ग्लासातला पहिला घोट मी स्वतः घ्यायचो, मिशी पुसायचो आणि विचारायचो, "बघा, मी मेलो का?" सगळा वॉर्ड हसायचा आणि मुकाट्यानं औषध प्यायचा. नागपूरहून पाहणीला आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी यासाठी माझी पाठ थोपटली होती. ती थाप मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो.

त्या आठवड्यात मी तसा थकलेलो होतो. शनिवार-रविवार शेजारच्या गावी शंकरपट होता. बैलांच्या शर्यतीचा मला भारी नाद. तिथंच जेवण, तिथंच रात्री दंडारीचं नाटक, आणि रविवारी झाडू नावाच्या गाडीवानाच्या बैलगाडीतून परत. वाटेत पोट ढवळून निघालं होतं, पण पटावरून परतणाऱ्या माणसाचं पोट जागेवर असेल तर तो पटाला गेलाच नाही असं आमच्याकडे समजतात. सोमवारी सकाळी आठला मी कामावर हजर होतो.

आमचे डॉक्टर खांडवे नागपूरहून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. माणूस हुशार, प्रामाणिक, पण घाईचा. त्यांनी नऊही जणांच्या नाड्या बघितल्या, हात धुतले आणि मला बाजूला घेतलं.

"बापूजी, नऊ माणसं एका दिवसात. सगळ्यांचं जेवण एका चुलीवरचं. हे अन्नातलं विष आहे."

तेवढ्यात वारलू व्हरांड्यातून ओरडत आला. त्याच्या हातात बांबूचं ओलं टोपलं होतं आणि त्यात मातकट रंगाचे, ओबडधोबड कंद.

"साहेब, हे पाहा! सुकरीच्या झोपडीत भेटलं. जंगलातला कडू कंद हाये हा. कच्चा खाल्ला तं मानूस ओकून ओकून मरते!"

२

सुकरी आमची स्वयंपाकीण. गोंड बाई, विधवा, पदरात चार वर्षांची मुलगी. दोन वेळचा भात-वरण आणि सकाळची पेज ती एकटी रांधायची. कमी बोलायची. सोमवारी भात करपला म्हणून डॉक्टर तिला चारचौघांत रागावले होते आणि ती गोंडीत काहीतरी पुटपुटत चुलीकडे वळली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता त्या पुटपुटण्याला एकदम अर्थ आला.

"मंतर म्हनत होती ती," वारलू म्हणाला.

"मी म्हनलो, लाकूड ओलं हाये," सुकरी म्हणाली. "तेवढंच म्हनलो. मी काऊन जहर देऊ, साहेब? आजारी मानसाले?"

"मग हे कंद कशाला?"

"खायले. तीन दिवस नाल्याच्या वाहत्या पान्यात ठेवतो, मंग उकडतो. कडू जाते. माह्या पोरीले आवडते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिच्या हातचं मी कधी खाल्लं नव्हतं, माझा डबा घरून यायचा. खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला सुकरीविषयी वाईट वाटलं नाही. मला वाटलं, एवढ्या लवकर उलगडा झाला, बरं झालं.

स्वयंपाकघराला कुलूप लागलं. डॉक्टरांनी फौजदाराला चिठ्ठी सांगितली आणि मी ती लिहून घेतली. माझं अक्षर मोत्यासारखं. 'विषप्रयोगाचा दाट संशय' हे शब्द तर इतके सुरेख उतरले होते की मी ते दोनदा वाचले. निरोप आला, फौजदार शुक्रवारी दुपारी येतील आणि बाईला घेऊन जातील.

सुकरी मुलीला मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या लाकडांच्या ढिगाजवळ बसली. ती रडली नाही, आणि पळालीही नाही. मुलीला मात्र एकदा विचारताना मी ऐकलं, "मी गेलो तं तू कोनापाशी राहशीन?"

३

गुरुवारी सकाळी झाडूची गाडी दारात थांबली आणि आमच्या नर्सबाई गुणाबाई उतरल्या. बाळंतपणांच्या फेरीवर त्या आठ दिवस खेड्यांत हिंडत होत्या.

या बाईंच्या बुद्धीपुढे मी आयुष्यभर हात टेकत आलो आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही. तरी सांगेनच. ठेंगणी, सावळी बाई, कपाळावर गोंदण, पांढरं लुगडं, खांद्याला खाकी थैली. नागपूरला दाईपण शिकल्या होत्या, पण बोलणं इथलंच ठेवलं होतं. पटकीच्या साथीत एका गावात त्या एकट्या बावीस दिवस राहिल्या होत्या. तिथं कुठल्या घरानंतर कुठलं घर आजारी पडलं, हे त्यांना दहा वर्षांनीही तोंडपाठ होतं.

मी धावत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट कसा झाला, बापूजी?"

मला बरं वाटलं. एवढ्या गडबडीत माझी विचारपूस! "झकास झाला," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या आणि सरळ दादाजींच्या खाटेकडे गेल्या. त्यांची कातडी चिमटीत धरून बघितली, जीभ बघितली आणि डॉक्टरांकडे वळल्या.

"साहेब, यायच्यात पानीच उरलं नाई. स्वयंपाकघराची किल्ली द्या. मीठ घातलेली पातळ पेज पाह्यजे."

"बाई, ती विष घालणारी..."

"तिच्यासारखी पेज इथी दुसऱ्या कोनाले येते? सुकरे, ऊठ वो."

सुकरी उठली. चूल पेटली. तासाभरात पेज झाली. गुणाबाईंनी सगळ्यांसमोर एक वाटी भरून घेतली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली. वारलूनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग बाई दादाजींच्या उशाशी बसल्या आणि चमच्याचमच्यानं पेज त्यांच्या ओठांत सोडू लागल्या. एक चमचा, थोडं थांबायचं, पुन्हा एक. दोन तास त्या तिथून हलल्या नाहीत. दुपारी दादाजींनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "लोनचं नाई का?"

डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं हसले असावेत. मात्र हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "बाई, आजची पेज चांगली निघाली म्हणजे सोमवारचं जेवण चांगलं होतं असं ठरत नाही. उद्या फौजदार येताहेत. टोपलंभर कंद आणि नऊ आजारी माणसं, एवढं त्यांना पुरेसं आहे."

"उद्या दुपारपर्यंत येळ आहे ना, साहेब?" गुणाबाईंनी थैलीत हात घातला आणि मूठभर चिंचोके काढले.

४

व्हरांड्याच्या फरशीवर त्यांनी चिंचोके मांडले. फोडलेले चिंचोके, खेळायला घेतात तसे, एक बाजू काळी आणि एक पांढरी. सहा एका रांगेत, सहा दुसऱ्या रांगेत, जशा वॉर्डातल्या खाटा. आजारी असलेल्या नऊ जणांचे चिंचोके काळी बाजू वर करून. न आजारी पडलेल्या तिघांचे पांढरी बाजू वर.

"खेळ मांडला का, बाई?" डॉक्टर म्हणाले.

"हो. आन राज्य तुमच्यावर आहे, साहेब. बसा इथी."

डॉक्टर चक्क बसले.

पहिल्यांदा मुखरूला बोलावलं. मुखरू ढिवर, दवाखान्यात पाणी भरणारा.

"मुखरू, पानी कुठचं?"

"विहिरीचंच, बाई. रोज तेच. तुमीबी तेच पेता, साहेबबी तेच पेते."

"आन आनखी काय आनतेस? वारलू म्हने, तुह्या पंच्याले वास येऊन राह्यला."

मुखरूनं मान खाली घातली. "मासे, बाई. तळ्यातले. थोडेसे. खुशालले देतो लपून. तो म्हने, हाड जुळायले मासे पाह्यजे."

खुशाल म्हणजे सात नंबर. झाडावरून पडून पाय मोडलेला, फळ्या बांधून पडून होता. पांढऱ्या चिंचोक्यांपैकी पहिला. सुकरीच्या हातचं दोन्ही वेळा दाबून जेवणारा, वर चोरून मासे खाणारा, आणि सगळ्या वॉर्डात एकटा शीळ घालणारा.

"जहर जेवनात राह्यतं तं पहिले हाच गेला असता," गुणाबाई म्हणाल्या.

दुसरा पांढरा चिंचोका गोकुळाचा. तिच्या डोळ्यात काटा गेला होता, पट्टी होती. तीही सुकरीच्याच हातचं जेवत होती. तिसरा इंदुताईंचा. त्यांना खोकला होता, पण त्यांचं जेवण भावाच्या घरून येत होतं.

बाई मग अंगणात गेल्या. मागोमाग आम्ही. चिंचेखाली तीन दगडांच्या तीन चुली होत्या. एकीवर आशाबाई नावाची बाई भात शिजवत होती. तिचा नवरा दोन नंबरच्या खाटेवर ओकत होता.

"ही चूल कोनासाठी, बाई?"

"माह्या मानसासाठी. आमी सुकरीच्या हातचं खात नाई. ते दोघं बाजूचेबी नाई खात. पानीबी आमी नदीचं आनतो. कंपाउंडरभाऊ कोरडे तांदूळ देतेत ना आमाले."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझे कान तापले.

"बापूजी," डॉक्टर सावकाश म्हणाले, "कागदावर तर बाराही जणांना दवाखान्याचं जेवण आहे. हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही, साहेब," मी म्हणालो. उत्तर वाईट होतं, पण दुसरं नव्हतं.

गुणाबाई परत येऊन चिंचोक्यांपाशी बसल्या. नऊ आजाऱ्यांतल्या तिघांनी सुकरीच्या भाताला हातही लावला नव्हता. तिचा भात दोन्ही वेळा जेवणारे दोघं ठणठणीत होते. त्यांनी चिंचोके जेवणाप्रमाणे लावले, मोडले. पाण्याप्रमाणे लावले, मोडले. शेजारच्या खाटांप्रमाणे लावून बघितले, तेही जमेना.

"आनखी एक गोष्ट हाये, साहेब," त्या म्हणाल्या. "जहर पोटात गेलं तं सगळ्याईले एकाच टायमाले ओकारी आली असती. इथी दोघं मंगळवारी दुपारी, चौघं संध्याकाळी, तिघं बुधवारी सकाळी. हे चालत चालत आलं. याले पाय हायेत."

त्याच वेळी आतून धप्पकन आवाज आला. वारलू दाराशी कोसळला होता आणि ओकत होता.

वारलू घरचं जेवत होता, घरचं पाणी पीत होता. सुकरीला गुन्हेगार ठरवणारा वारलू आता स्वतःच तिच्या बाजूचा साक्षीदार झाला होता.

५

"चार वाजले, बापूजी," गुणाबाई म्हणाल्या. "मिक्श्चरची येळ झाली. रोज जसं देता तसंच द्या. मी पाहतो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाई बघताहेत म्हणून मी जरा ऐटीतच ट्रे उचलला. ट्रेमध्ये बाटल्या, खुणांचा काचेचा ग्लास आणि ग्लास विसळायला पाण्याचा तामचिनी वाडगा. एक नंबरच्या खाटेपाशी ग्लास भरला, पहिला घोट मी घेतला, मिशी पुसली.

"बघा, मी मेलो का?"

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

एक नंबर प्यायला. ग्लास वाडग्यात बुडवला, पंच्यानं कडा पुसल्या. दोन नंबर, आशाबाईचा नवरा. बुडवला, पुसला. गुणाबाई माझ्या मागून येत होत्या. फक्त आशाबाईपाशी थांबल्या.

"बाई, सुकरीच्या हातचं तुमाले चालत नाई. मंग या ग्लासाले साऱ्या वॉर्डाचं तोंड लागते, तो कसा चालते?"

आशाबाई हसली. "बाई, दवाईले कुठी विटाळ राह्यते का?"

गुणाबाईही हसल्या, पण त्यांची नजर ग्लासावरून हलली नाही.

सात नंबर खुशाल. त्याला मिक्श्चर नव्हतं, मी पुढे गेलो. बायकांच्या बाजूच्या बांबूच्या तट्ट्यापलीकडे गोकुळा, तिला डोळ्यात थेंब. पुढे गेलो. शेवटी इंदुताई. त्यांनी नेहमीप्रमाणे उशीखालून आपली पितळेची वाटी काढून पुढे धरली आणि मी बाटलीतून सरळ वाटीत मिक्श्चर ओतलं.

"थांबा," गुणाबाई म्हणाल्या.

मी बाटली तशीच धरून उभा राहिलो.

"इंदुताई, वाटी काऊन वो? तुमीबी विटाळ पाळता का?"

"विटाळ गेला खड्ड्यात," इंदुताई म्हणाल्या. "मले दुसऱ्याच्या तोंडचं किळस येते, बापा. पहिल्या दिवसापासून मी वाटीच धरतो. कंपाउंडरले विचारा."

गुणाबाईंनी माझ्या हातातला ट्रे अलगद काढून घेतला. वाडग्यातलं पाणी एव्हाना गढूळ, गुलाबी झालं होतं. त्यांनी त्या पाण्याकडे बघितलं. मग ट्रे त्यांनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

"बापूजी, उद्या फौजदारासमोर तुमीबी बसा," त्या म्हणाल्या. एवढंच. पण माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

६

शुक्रवारी दुपारी फौजदार आले. पोटाचे मोठे आणि घाईचे. सोबत दोन शिपाई. सुकरी मुलीला कडेवर घेऊन आधीच उभी होती, कपड्यांचं गाठोडं पायाशी.

"एवढी घाई काऊन, साहेब," गुणाबाई म्हणाल्या. "सकाळपासून बिनजेवनाचे आले. सुकरीनं भात केला हाये."

फौजदार दचकून मागं सरले. बाईंनी पहिला डाव तिथंच जिंकला.

मग त्यांनी चिंचोके मांडले आणि सांगायला सुरुवात केली. बाराही चिंचोक्यांवर त्यांची बोटं एकेक करून फिरत होती. सुकरीच्या हातचं न खाताही आजारी पडलेले तिघं. खाऊनही धडधाकट असलेले दोघं. पाणी तर दोन ठिकाणचं. मग या माणसांत सारखं काय? त्यांनी काळे चिंचोके एका बाजूला ओढले आणि पांढरे दुसऱ्या बाजूला.

"या नवांनी रोज दोनदा एका ग्लासातून दवाई घेतली. खुशालले दवाई नाई, फळ्या. गोकुळाले थेंब. इंदुताईले दवाई हाये, पन आपल्या वाटीत. इथी कोनी कोनाच्या हातचं खात नाई, कोनी कोनाचं पानी पीत नाई. चुली चार, माठ चार. पन दवाईले विटाळ नाई म्हनून ग्लास एकच. वारलू तेवढा ग्लासानं नाई, तो सगळ्याईचं ओकलेलं हातानं काढून राह्यला होता."

डॉक्टर खांडवे उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की जणू त्यांनीच शोध लावला. "बाई, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात असन तं मले माहीत नाई. मी दारोदार हिंडतो. येताना पटाच्या गावात दोन दिवस होतो. तिथी घरोघर हेच. आज हा ओकते, परवा त्याची बायको, तिसऱ्या दिवशी सारे उठून कामाले. कोनी मेलं नाई. हे जहर नाई, साहेब. हा रोग हाये, आन तो तोंडातून, हातातून जाते."

"ठीक आहे," फौजदार म्हणाले. "पण ग्लास आपोआप आजारी पडत नाही. त्यात पहिल्यांदा रोग आणला कोणी?"

गुणाबाईंनी मूठ उघडली. तळहातावर आणखी एक चिंचोका होता. तो त्यांनी काळी बाजू वर करून एक नंबरच्याही आधी, रांगेच्या तोंडाशी ठेवला.

"हा तेरावा," त्या म्हणाल्या. "याची खाट वॉर्डात नाई."

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या चिंचोक्याकडे बघत होत्या आणि वाट बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना गुरुवारी सकाळपासूनच ठाऊक होतं. त्या झाडूच्या गाडीतून आल्या होत्या. रविवारी मलाही त्याच गाडीनं आणलं होतं. मी वाटेत तीनदा खाली उतरून बोरीच्या झुडपाआड ओकलो होतो, आणि झाडूच्या तोंडात तीळ भिजत नाही. 'पट कसा झाला, बापूजी?' ही माझी विचारपूस नव्हती. मी आपण होऊन सांगावं म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. दीड दिवस ते तसंच उघडं होतं.

त्यांना नाव घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही. समोर सुकरीची मुलगी गाठोड्यावर बसून एका चिंचोक्याकडे हात करत होती.

"तो माझा," मी म्हणालो. "रविवारी मी ओकलो. रजा आधीच संपली होती म्हणून कोणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी ग्लासातला पहिला घोट मी घेतला. विष नाही हे दाखवायला रोज घेतो तसा. फौजदारसाहेब, ती चिठ्ठीही माझ्याच हातची आहे."

७

फौजदारांनी चिठ्ठी फाडली आणि जेवायला न थांबता गेले. त्यांना अजूनही भाताची खात्री नव्हती.

मी डॉक्टरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यांनी तो गुणाबाईंकडे सरकवला. बाईंनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "तुमी गेले तं ग्लास कोन उकळीन? कुंभाराकडं जा. मातीच्या बारा वाट्या आना, एकेकाले एक. आन आजपासून हात राखेनं कोपरापर्यंत." राजीनामा त्यांनी चुलीत घातला. चार दिवसांत वॉर्ड रिकामा झाला. दादाजी लोणच्याची बरणी काखेत मारून घरी गेले.

त्या रोगाला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. 'हिवाळी ओकारी' म्हणायचो. परवा माझा नातू, जो आता डॉक्टर आहे, मला म्हणाला, "आजोबा, तो नोरोव्हायरस असणार. दवाखान्यात जुलाब-ओकारीनं येणाऱ्या पाच जणांत साधारण एकाला तोच असतो. एकदा वॉर्डात शिरला की खाटेमागून खाट धरतो. हे शोधायला आमच्याकडे आता यंत्रं आहेत." मी म्हणालो, आमच्याकडे गुणाबाई होत्या. त्याला मी गंमत करतोय असं वाटलं.

पण त्या शुक्रवारची एक गोष्ट राहिली. राजीनामा जळाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. दोन वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. सुकरी चुलीपाशी बसली होती. मुलगी बाजूला उकडलेला कंद मीठ लावून खात होती.

"सुकरी, माझं चुकलं," मी म्हणालो. मग माझ्या तोंडून निघालं, "पेज आहे का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. उठून राखेनं हात धुतले, कोपरापर्यंत. मग फळीवरून दोन वाट्या घेतल्या आणि एकाच भांड्यातून दोन्हींत पेज ओतली. एक वाटी माझ्यापुढे ठेवली. दुसरी स्वतः उचलली, एक घोट घेतला आणि पदरानं ओठ पुसले.

"पाहा, कंपाउंडरभाऊ," ती म्हणाली, "मी मेलो का?"

मी खाली बसलो आणि माझी वाटी उचलली.